तीनशे सात नंबरची पाहुणी

हॉटेलात तिला सगळे किल्लीबाई म्हणत. तिसऱ्या मजल्यावरच्या बावीस खोल्यांची सफाई तिच्या देखरेखीखाली चालायची आणि त्या बावीसही खोल्या उघडणारं कार्ड तिच्या गळ्यात असायचं. सतरा वर्षं हेच काम केल्यामुळे नुसत्या चादरीवरून तिला माणूस कळायचा. "कोण रडून गेलं, कोण भांडून गेलं आणि कोण टॉवेल बॅगेत कोंबून गेलं, ते मला दारातच समजतं," असं ती नव्या मुलींना सांगायची, आणि त्यात थापा फारशा नसायच्या.

तीनशे सातच्या दाराला सोमवारपासून पाटी लटकत होती. ‘कृपया त्रास देऊ नये.’ खोली एका गृहस्थाच्या नावावर होती, दहा दिवसांसाठी. चाळिशीचा, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं लोण्यासारखं मऊ. रिसेप्शनवरच्या मुलीला त्याने सांगून ठेवलं होतं की लिखाणाचं मोठं काम हातात आहे, तेव्हा साफसफाई नको, फोन नको, दारसुद्धा कुणी वाजवायचं नाही. असे लोक येतात. किल्लीबाईने पहिले तीन दिवस त्या दाराकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला ती चादरींची ट्रॉली ढकलत चालली होती. मागे कुणीतरी दारावर टकटक केली. तीनदा, अगदी हलक्या हाताने, पहिल्यांदाच कुणाच्या घरी गेलेला माणूस करतो तशी. तिने वळून पाहिलं. कॉरिडॉर या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामा होता. ती दोन पावलं पुढे गेली तशी पुन्हा टकटक झाली. मग तिच्या ध्यानात आलं. आवाज तीनशे सातमधून येत होता. कुणीतरी आतून दार वाजवत होतं.

"साहेब, काही हवंय का?" तिने विचारलं.

टकटक थांबली.

ती खाली फाटकावरच्या वॉचमनकडे गेली. "तीनशे सातवाले बाहेर पडतात का रे कधी?"

"तो? तो सोमवारी सकाळीच गाडी घेऊन गेला की. मला हातबित करून गेला. त्यानंतर फिरकलाच नाही."

"मग खोलीत कोण आहे?"

"खोलीत कोण असणार? नाव एकट्याचंच आहे." वॉचमन हसला. "बाई, रजा घ्या दोन दिवस. भिंती बोलायला लागल्यात तुमच्याशी."

मॅनेजरने तर पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "पाटी आहे तोवर ते दार म्हणजे भिंत समजायची. गिऱ्हाईकाला एकांत हवाय, आपण तो विकतो. उगाच नाक खुपसू नकोस."

किल्लीबाईने कानाला खडा लावायचं ठरवलं. पण दुपारी डबा उघडला आणि तसाच बंद केला. कुलूप नसलेल्या दारावर माणूस आतून टकटक का करेल? हॉटेलची दारं आतून नुसती मूठ खाली केली की उघडतात. आणि एखाद्याला जर मूठ खाली करता येत नसेल, तर तो चार दिवस काय करत असेल? तीन वाजता ती वर गेली, पाटीकडे न बघता कार्ड लावलं आणि दार ढकललं.

आत कुबट वास कोंडला होता. पडदे घट्ट ओढलेले. टेलिफोनची वायर काढून गुंडाळून ठेवलेली. टेबलावर ब्रेडचा पुडा, काळी पडलेली केळी आणि पाण्याच्या बाटल्या, त्यातल्या दोन उघडलेल्या. पलंगाच्या चादरीवर मात्र एक सुरकुती नव्हती. खुर्चीच्या अगदी कडेवर एक म्हातारी बसली होती. बाहेर जायचे कपडे, पायात बूट, मांडीवर हातपिशवी. केस तिने पाणी लावून चापून बसवले होते.

"आलात का, वहिनी?" म्हातारी उठायला धडपडली. "मला वाटलं, विसरलात की काय मला."

"आजी, तुम्ही इथे कशा?" किल्लीबाईने विचारलं.

"अहो, मुलगा सोडून गेला ना. म्हणाला, मोठ्या लोकांचं घर आहे, आई, यजमान बोलावतील तेव्हाच बाहेर ये. मी वाट बघत बसले. मधून मधून दार वाजवलं, बाई. पण दुसऱ्याच्या घरात आपण होऊन दारं उघडत फिरणं बरं दिसतं का?"

"आणि झोपलात कुठे?"

"इथेच, खुर्चीत. कुठल्या पलंगावर झोपायचं ते कुणी सांगितलं नाही ना."

किल्लीबाईने म्हाताऱ्या बाईचे बूट काढले. पाय सुजून बुटांच्या आकाराचे झाले होते. तिने बाथरूममध्ये नेऊन तिला कोमट पाण्याने अंघोळ घातली, स्वतःच्या कपाटातला गाऊन चढवला, किचनमधून सूप आणून चमच्याने भरवलं. आजी प्रत्येक चमच्याला "किती त्रास घेता, वहिनी" म्हणत होती. ती या बाईला कुणाची वहिनी समजत होती कोण जाणे. आजीच्या डोक्यातली नाती एकमेकांत मिसळून गेली होती, पण पाहुण्याने कसं वागायचं ते काही ती विसरली नव्हती.

पोट भरल्यावर तिला उत्साह आला. "थांबा, तुम्हाला दाखवते," म्हणत तिने हातपिशवी उघडली आणि आतून रंगीत पुठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. "ही माझी आमंत्रणं. मुलगा म्हणतो, आई, तुला बघ किती लोक बोलावतात."

किल्लीबाईने गठ्ठा हातात घेतला. लाल, हिरवा, निळा, पिवळा, करडा. प्रत्येकाला दाराच्या मुठीत अडकवायचं भोक होतं. पाच वेगवेगळ्या हॉटेलांच्या, दाराला लावायच्या पाट्या होत्या त्या.

तिने बोलावल्यावर मॅनेजर वर आला, दारातूनच बघून पांढरा पडला, पण लगेच सावरला. "हे बघ, खोली बुधवारपर्यंत त्याची आहे. बाई ठणठणीत दिसतायत. तू लक्ष ठेव, खायला-प्यायला दे, आणि तोंडाला कुलूप. तो आला की गोड बोलून पाठवून देऊ. पाटी असताना आत शिरलीस, हे त्याने लेखी दिलं तर आपण दोघंही घरी बसू."

"आणि मी शिरले नसते तर?"

मॅनेजरने घड्याळात पाहिलं आणि मीटिंग आहे म्हणत तो लिफ्टकडे वळला.

दुसऱ्या दिवशी, आजी दुपारची झोपली असताना, किल्लीबाईने चादरी-टॉवेल ठेवायच्या लिननच्या खोलीत बसून पाट्यांवरच्या हॉटेलांना एकामागून एक फोन लावले. पहिल्या ठिकाणी कुणाला काही आठवेना. दुसऱ्या ठिकाणी फोनच उचलला नाही. तिसऱ्या ठिकाणी तिने हाउसकीपिंगला जोडून घेतलं आणि आजीचं वर्णन केलं.

पलीकडच्या बाईने हळूच विचारलं, "जिवंत आहे ना?"

"आहे. का?"

"सहा महिन्यांपूर्वी इथे सहाव्या दिवशी बाथरूममध्ये पडलेली सापडली होती. दोन दिवस तशीच. दवाखान्यात न्यावं लागलं. मुलगा आला, ढसाढसा रडला. म्हणाला, तासाभरासाठी बाहेर गेलो होतो. मग त्याने तक्रार केली, परवानगीशिवाय खोली उघडली म्हणून."

"आणि दार ज्यांनी उघडलं, त्या बाई?"

"त्या आता इथे नाहीत. त्यांच्या जागेवर मी आहे," पलीकडची बाई म्हणाली. "तुम्ही जपून राहा."

किल्लीबाईने फोन ठेवला. म्हणजे तिथे तसं घडल्यावरही, आई दोन दिवस फरशीवर पडून होती हे कळल्यावरही, त्याने दुसरं हॉटेल शोधलं होतं. आणि त्याच्यानंतर आणखी एक.

घरी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो बसचा मेकॅनिक, कमी बोलणारा. "नोकरी जाईल," तो म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "जाऊ दे गेली तर. तुला ते दार रोज दिसत राहील, त्यापेक्षा बरं."

सोमवारी तिने वृद्धांच्या मदतीसाठी असलेल्या सरकारी कार्यालयात फोन केला. तिथल्या अधिकारी बाईंनी शांतपणे सगळं लिहून घेतलं, पाट्या जपून ठेवायला सांगितल्या आणि बुधवारी सकाळी त्या स्वतः येऊन लॉबीत बसल्या.

तो बरोबर अकराला आला. इस्त्रीचा शर्ट, हातात रिसेप्शनवरच्या मुलीसाठी चॉकलेटचा डबा. किल्लीबाई आजीला धरून लिफ्टमधून बाहेर आली. त्याच्या चेहऱ्यावरची एक रेघही हलली नाही.

"अरे वा, आई! खाली आलीस?" तो मॅनेजरकडे वळला. "मी पाटी लावून गेलो होतो. तुमच्या हॉटेलात पाटीला काही किंमत आहे की नाही?"

मॅनेजर चाचरू लागला. "त्याचं काय आहे साहेब, आमच्या बाईंनी..."

"मी उघडलं दार, गेल्या गुरुवारी," किल्लीबाई म्हणाली.

अधिकारी बाई उठल्या आणि त्यांनी पाचही पाट्या काउंटरवर ओळीने मांडल्या. त्यांनी एकेका हॉटेलचं नाव आणि तारीख वाचली. तो ऐकत होता. वाचून संपल्यावर त्याने आईच्या डोक्यावरून हात फिरवला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजातलं लोणी वितळलं आणि खालचा खरखरीत माणूस दिसला.

"बायको सोडून गेली हिच्यापायी. रात्रभर जागते, गॅस चालू ठेवते, मला चोर म्हणून ओरडते. मला कामाला बाहेरगावी जावं लागतं. ठेवू कुठे मी हिला? निदान इथे छत असतं, गादी असते."

"माणूस नसतो," किल्लीबाई म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही, मोजमाप घेतल्यासारखं. "तुम्ही सांभाळलंत ना सहा दिवस? आता बघू, किती दिवस पुरतं तुमचं आदरातिथ्य."

आजीला सरकारी वृद्धाश्रमात हलवलं, चौकशी पुरी होईपर्यंत. गाडीत बसवताना ती कावरीबावरी झाली, मुलाला हाका मारू लागली. किल्लीबाई हात धरायला गेली, तर आजीने तो झटकला. "पाहुण्याला कुणी असं घराबाहेर काढतं का, वहिनी? माझं काय चुकलं?"

त्या प्रश्नाने किल्लीबाईला पुढे कित्येक दिवस छळलं. मॅनेजरने तिला नोकरीवरून काढलं नाही, कारण सरकारी बाई येऊन गेल्या होत्या. पण तिच्या गळ्यातलं कार्ड काढून घेतलं आणि तिला तळघरातल्या लाँड्रीत पाठवलं. ती पहिल्या रविवारी आश्रमात गेली. आजी भिंतीकडे तोंड करून बसली होती. दुसऱ्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी लाँड्रीत जादा काम निघालं आणि तिला, खरं सांगायचं तर, सुटल्यासारखं वाटलं. वाफेच्या इस्त्रीपुढे उभी असताना त्या माणसाचं ‘किती दिवस पुरतं’ हे बोलणं तिला आठवलं आणि तिची तिलाच लाज वाटली.

चौथ्या रविवारी ती गेली, तर खोलीत तो बसला होता. आईला दूध-ब्रेड भरवत होता. आजी लहान मुलीसारखी हसत होती.

"या," तो म्हणाला आणि पायाने खुर्ची तिच्याकडे सरकवली. "उद्या घेऊन जातोय हिला घरी. मी रोज येत होतो. सगळ्यांनी पाहिलंय, किती प्रेमाने करतो ते. अर्ज मंजूर झाला."

किल्लीबाई तडक आश्रमाच्या ऑफिसात गेली. अधिकारी बाई रविवार असूनही फायलीत डोकं घालून बसल्या होत्या. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"आजींना तोच हवाय. रोज त्याचंच नाव घेतात. आमच्याकडे खाटा कमी, तो सुधारल्याचं लिहून देतोय. मी एकच अट घालू शकते. दर आठवड्याला कुणीतरी घरी जाऊन आजींना डोळ्यांनी बघून यायचं. पण पाठवू कुणाला? माझ्याकडे माणूसच नाही."

"माझं नाव लिहा," किल्लीबाई म्हणाली.

ती खोलीत परत आली. या खेपेला खुर्ची ओढून बसली.

"दर रविवारी येईन मी. तुमच्या घरी."

त्याच्या हातातला चमचा आईच्या तोंडाजवळ थांबला. "कशाला?"

"पाहुणी म्हणून," ती म्हणाली. "आजींना भेटायला."

"आमच्याकडे फारसं कुणी येत नाही."

"म्हणूनच."

आजीने तोंड पुढे करून चमच्यातलं दूध आपणच पिऊन टाकलं. त्याने चमचा पुन्हा भरला.

पुढच्या रविवारी सकाळी किल्लीबाई पत्ता शोधत एका चारमजली इमारतीत शिरली. वरच्या मजल्यावरचं डावीकडचं दार. खिडकीचे पडदे ओढलेले होते. तिने बेल दाबली. आत रेडिओ चालू होता, तो बंद झाला. पावलं दारापर्यंत आली आणि थांबली. दारातल्या काचेच्या भोकात अंधार झाला.

तिने पुन्हा बेल दाबली. मग हातातली पिशवी खाली ठेवली, भिंतीला पाठ टेकली आणि मोठ्याने म्हणाली, "मला घाई नाही. उशिरापर्यंत थांबेन मी."

शेजारचं दार किलकिलं झालं. एका बाईने डोकं बाहेर काढून पाहिलं. किल्लीबाईने तिला सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की यांच्याकडे एक म्हाताऱ्या आजी राहतात, त्यांना भेटायला आले आहे.

"आजी?" शेजारीण म्हणाली. "इथे आजी आहेत?"

आतली कडी निघाल्याचा आवाज यायला बराच वेळ लागला.