सलवा-चारशे बारा

स्फाक्स बंदरात जहाजांना धक्के नेमून देणारा प्रोग्राम मुन्सिफने लिहिला होता. त्यात एकेक काम उरकत राबणाऱ्या ‘थ्रेड’ना, म्हणजे प्रोग्रामच्या धाग्यांना, त्याने बायकोचंच नाव दिलं: सलवा-१, सलवा-२. एक बंद पडला की नवा पुढचा आकडा घेई. मुन्सिफ अल्लाला प्यारा झाला, तेव्हापासून त्याच्याच खुर्चीत बसून तो प्रोग्राम सांभाळताना सलवा रोज स्वतःचं नाव वाचायची. घरी तशी हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं.

“लल्ला सलवा, ‘सलवा-४१२ मेली’ वाचून ऑफिसातली पोरं हसतात हो,” तिला अदबीने ‘लल्ला’ म्हणणारे तिचे वरिष्ठ रिदासाहेब म्हणाले. “आज नाव बदलून ‘कामगार’ करा.”

“मेले खरी, पण किती वेळा!” तीही हसली.

नाव तिने बदललं. आकडे मात्र पुन्हा एकपासून सुरू होऊ दिले नाहीत. मुन्सिफच्या चारशे बारा हाका दुसऱ्या कुणाला द्यायच्या नव्हत्या. ‘बिस्मिल्लाह’ म्हणून तिने बटण दाबलं.

पडद्यावर उमटलं: कामगार-४१३.