शून्याखाली गेलेला काटा

मी एक जुना तापमापक आहे. दिंडोरीजवळच्या एका द्राक्षांच्या शीतगृहात खिळ्याला लटकून माझं आयुष्य गेलं. गोल चेहरा, पिवळी पडलेली काच आणि एकच काटा. इथल्या प्रमुख शुभांगीताई माझ्याकडे बघूनच थंडी कमीजास्त करत. मला त्याचा भारी अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

यंदा शेजारी एक बोटाएवढा नवा पाहुणा आला. तो तापमान मोजणार, थंडीही स्वतःच सोडणार आणि ऑफिसातल्या पडद्यावर आकडा दाखवणार. आधी आठवडाभर वापरून बघू, मग विकत घ्या, अशी गळ ताईंनीच मालकांना, भारतशेठना, घातली होती. माल बिघडला तर तुमची नोकरी गेली, असं शेठनी बजावलं. खोली तर परदेशी जाणाऱ्या द्राक्षांनी भरलेली.

पहिल्याच सकाळी शेठच्या आई, मालनबाई, नव्या यंत्राची पूजा करायला आल्या. हळदकुंकू वाहिलं, हार घातला आणि पंख्याच्या वाऱ्याने विझू नये म्हणून काचेतला दिवा अगदी त्याच्याखाली ठेवला. हात जोडून सगळे गेले.

मित्रांनो, मग माझा काटा घसरू लागला. दिव्याच्या उबेने पाहुण्याला खोली गरम वाटत होती आणि तो थंडी वाढवतच होता. शून्य मागे पडलं. अजून थोडं खाली गेलं असतं, तर द्राक्षांचे मणी आतून गोठले असते. मला ओरडता येत नाही. स्वतःची एवढी चीड मला कधीच आली नव्हती.

पडद्यावरचा आकडा उतरेना, म्हणून ताई धावत आल्या. माझ्याकडे बघून त्या दचकल्या. मग त्यांना दिवा दिसला.

"इझवू नको गं पोरी, अपशकुन व्हईल," मागोमाग आलेल्या मालनबाई दारातून म्हणाल्या.

ताईंनी दिवा तसाच जळता उचलून दाराबाहेर ठेवला आणि यंत्र बंद केलं. द्राक्षं वाचली.

शेठ तणतणत आले. "काढून टाका हे. जुनाच बरा." मी मनातून सुखावलो.

"शेठ, दिवा आपण ठेवला, त्याने नाही," ताई म्हणाल्या. "उद्यापासून पुन्हा परीक्षा घेऊ. चुकलं तर मी जाते."

तो आठवडा मी जीव मुठीत धरून काढला. पण आम्ही दोघं एकच आकडा सांगत राहिलो, आणि शेठनी त्याला विकत घेतलं. मला उतरवायला माणूस आला, तेव्हा ताईंनी त्याला परत पाठवलं आणि ओढणीने माझी काच पुसली.

मित्रांनो, नवं जरूर आणा, पण ते कशाने फसतं हे आधी शिकून घ्या. आणि ताडून बघायला एखादा जुना खिळ्यावर राहू द्या.

परवा मालनबाई पुन्हा पूजेला आल्या. दिवा त्यांनी दाराबाहेरच लावला. हार मात्र दोन आणले होते.