त्रेसष्ट नावांची उघडी यादी

मी बोलतोय, पण जरा हळू. तुमच्या मागे कोणी उभं नाही ना, ते आधी बघून घ्या. नाही म्हणता? तरी पुन्हा एकदा बघा. मला सवयच आहे तशी.

मी बीसीसी. ईमेल लिहायला घेतलं की वरती पत्ते घालायचे रकाने असतात ना, त्यांतला मी सगळ्यात धाकटा. थोरल्याचं नाव 'टू'. पत्र ज्याला लिहायचं त्याचा पत्ता त्याच्याकडे. मधला 'सीसी'. ज्यांना नुसतं माहितीसाठी कळवायचं ते त्याच्याकडे. या दोघांकडे जो जाईल तो सगळ्यांना दिसतो. माझ्याकडे येईल तो कोणालाच दिसत नाही. पत्र त्यालाही पोचतं, पण त्याचं नाव-पत्ता बाकीच्यांना कळत नाही. काम एवढंच, पण एवढ्यावरून मी जन्मभर बदनाम आहे.

आमचं घराणं तसं जुनं. टाइपरायटरच्या काळात दोन कागदांमध्ये कार्बन घालून प्रती काढायचे. एखाद्या साहेबाला वाटे, एक प्रत अमक्याला जावी, पण ती गेली हे तमक्याला कळू नये. मग टायपिस्ट मूळ कागद बाजूला काढायची आणि नुसत्या प्रतीवर ते जादा नाव टाइप करायची. तो माझा जन्म. जन्मच असा, तर स्वभाव कसा असणार? कंप्युटरमध्ये आल्यावरही थोरले दोघे समोर ऐसपैस बसले आणि मला आत ठेवलं. मुद्दाम बोलावलं तरच मी बाहेर येतो. आणि बोलावणारे कसे? एकाने वरिष्ठांच्या कानाला लागायला बोलावलं, दुसऱ्याने शेजाऱ्याचं भांडण तिसऱ्याला दाखवायला. त्यामुळे कोणी माझ्याकडे वळलं की माझ्या मनात पहिला प्रश्न हाच, याच्या पोटात काय आहे?

मी राहतो तो कंप्युटर एका विगवाल्याच्या दुकानात आहे. त्यांना सगळे काका म्हणतात. दुकानाला पाटी नाही. दार मागच्या गल्लीत. दोन गिऱ्हाइकांच्या वेळांमध्ये अर्धा तास मोकळा, म्हणजे एक दुसऱ्याला जिन्यातसुद्धा भेटायला नको. विग न्यायला बुटांची खोकी. रस्त्यात गिऱ्हाईक समोरून आलं की काका पलीकडच्या फुटपाथवर जातात. "आपण नमस्कार केला, की बरोबरचा माणूस विचारणार, हे कोण? मग त्या बिचाऱ्याने काय सांगायचं?" असं त्यांचं म्हणणं. त्यांचे स्वतःचे व्याही त्यांचं गिऱ्हाईक आहेत, तर त्यांनाही त्यांनी भर बाजारात ओळख दिली नाही. मुलीने महिनाभर अबोला धरला, पण काकांनी कारण सांगितलं नाही ते नाहीच.

खिडकीशी लाकडी डोकं घेऊन ते बसलेले असतात. बारीक जाळीवर आकडीच्या सुईने एकेक केस गाठ मारून बसवायचा. एका विगला दोन महिने. गिऱ्हाइकांना पत्रंही ते तशीच लिहीत, एकेकाला वेगळं, दोन बोटांनी. तेव्हा माझी गरजच नव्हती. मी आत बसून असायचो आणि मला वाटायचं, हा माणूस बरा दिसतो, पण आपण सावध असलेलं बरं.

तीन वर्षांपूर्वी काकांची थोरली बहीण नोकरीतून निवृत्त झाली आणि दुकानाचा पत्रव्यवहार बघू लागली. ताई अगदी सरळ, तोंडावर बोलणाऱ्या. कामाला वाघ. पण माझ्यावर त्यांचा जुना दात होता. त्यांच्या कचेरीत एका गोडबोल्या सहकाऱ्याने त्यांना मेलवर विचारलं होतं, "नव्या साहेबांबद्दल तुमचं खरं मत काय हो?" ताईंनी खरं मत लिहिलं. त्याने उत्तर पाठवताना साहेबांचा पत्ता माझ्यात घातला. ताईंचं खरं मत साहेबांनी सकाळच्या चहाबरोबर वाचलं आणि ताई पुढची सहा वर्षं तळमजल्यावर जुन्या फायलींच्या खोलीत. तो रकाना मी नव्हतो, माझा कोणीतरी भाऊबंद होता. पण ताईंना सगळे सारखेच.

"लपूनछपून पत्र पाठवणाऱ्याच्या मनात पाप असतं," त्या काकांना सांगायच्या. "आपला कारभार उघडा."

काका हसायचे. "ताई, आपला धंदाच झाकण्याचा आहे गं."

आता त्या शिक्षिकेबद्दल सांगतो. चौथीच्या वर्गावरच्या बाई, वय सत्तावीसच्या आसपास. दोन वर्षांपूर्वी त्यांना चाई लागली. केस गळून आधी नाण्याएवढा चट्टा, मग सगळं डोकं. काकांनी जुना फोटो समोर ठेवून विग केला होता, भांगसुद्धा किंचित डावीकडे, पूर्वी होता तसा. घरचे सोडले तर कोणालाही ठाऊक नव्हतं. लग्न ठरलं होतं, पण मुलाला अजून सांगितलं नव्हतं.

"रविवारी सांगणार आहे," त्या काकांना म्हणाल्या होत्या. "आम्ही दोघंच तळ्यावर जाणार आहोत. विग काढूनच दाखवते. एकदाचं काय व्हायचं ते होऊ दे."

"छान," काका म्हणाले. "फक्त वारा नसेल अशी जागा बघा. तुम्ही काढायच्या आधी तो निघायला नको."

बाई खळखळून हसल्या होत्या. मला तर त्या हसण्याचाही संशय आला. इतकं ठरवलेलं क्वचितच ठरल्यासारखं होतं.

त्याच आठवड्यात गुरुवारी दुपारी निरोप आला की विग डोक्याला धरून ठेवणाऱ्या चिकटपट्टीचा नवा माल खराब निघालाय. त्याने पुरळ उठतं, कातडी सोलवटते. सगळ्या गिऱ्हाइकांना ताबडतोब कळवायला हवं होतं.

"एकेकाला लिही," काका म्हणाले.

"त्रेसष्ट जण आहेत! माझं लिहून होईपर्यंत निम्म्यांची डोकी सोलून निघतील. एकच पत्र सगळ्यांना पाठवते."

त्यांची घाई खोटी नव्हती. पत्ते घालताना माउसचा बाण माझ्यावर आला, क्षणभर थांबला. मी तयार होतो. त्रेसष्टच्या त्रेसष्ट जण माझ्यात मावले असते आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता लागला नसता.

"तू नकोस," ताई पुटपुटल्या आणि सगळे पत्ते त्यांनी थोरल्याच्या हवाली केले. मजकूर चोख होता. विषय होता, 'आपल्या विगच्या चिकटपट्टीबाबत तातडीची सूचना'. वर त्रेसष्ट पत्ते, बहुतेकांत नाव-आडनाव स्वच्छ. बटण दाबल्यावर ताईंनी समाधानाने चष्मा पुसला.

पाच मिनिटांत पहिलं उत्तर आलं. एका गृहस्थांनी 'सर्वांना उत्तर' हे बटण दाबून लिहिलं होतं, 'धन्यवाद. माझ्या टाळूवर खाज आहेच.' आता त्यांच्या टाळूची खाज त्रेसष्ट घरी पोचली. दुसऱ्याने त्यालाच सर्वांसमक्ष विचारलं, 'अरे, तू पण? मी तर तुझे खरे समजत होतो!' तिसऱ्या बाईंनी लिहिलं, 'माझं नाव या यादीतून ताबडतोब काढा', आणि तेही सगळ्यांना, म्हणजे ज्यांनी यादी नीट पाहिली नव्हती त्यांनीही ती शोधून पाहिली.

काकांनी सुई खाली ठेवली. कंप्युटरच्या पडद्यापाशी येऊन यादी वाचली, आणि मग खुर्ची धरून हळूच खाली बसले.

"ताई, आपण आज त्रेसष्ट जणांना एकाच जिन्यात उभं केलं गं."

मला वाईट वाटलं, आणि खरं सांगतो, थोडा रागही आला. चाळीस वर्षं कचेरीत घालवलेल्या बाईला माझ्यासारख्याचा एवढा संशय, आणि उघड्या यादीचा जरासुद्धा नाही!

सोमवारी शाळा सुटल्यावर शिक्षिका आल्या, वेळ न घेता. त्यांनी पर्समधून घडी केलेला कागद काढून ताईंसमोर ठेवला.

"शुक्रवारी हा मेल माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना आला. पाठवणाऱ्याचं नाव नाही. वर एवढंच लिहिलंय, 'मुलीची नीट चौकशी करा. एक हितचिंतक.' आणि खाली तुमचं पत्र, यादीसकट."

"बाई, माझं चुकलं, मी..." ताई उठू लागल्या. बाईंनी हात वर केला.

"सासूबाई म्हणतात, आणखी काय काय लपवलंय हिने? आणि तो मला विचारतो, आधी का नाही सांगितलंस? मी म्हटलं, रविवारी सांगणारच होते. आता त्यावर कोण विश्वास ठेवेल, ताई? तुम्ही ठेवला असता?"

लग्न 'पुढे बघू' वर येऊन थांबलं होतं.

"हा हितचिंतक तुमच्याच यादीतला असणार, नाहीतर त्याच्याकडे पत्र आलंच कसं?" बाई म्हणाल्या. "माझ्याकडचं तर मी स्वतःचं नाव पाहिल्याबरोबर घाबरून पुसून टाकलं, मागून आलेली उत्तरंसुद्धा. तुमच्याकडची यादी काढा आणि या कागदाशी ताडून बघा."

ताईंनी गुरुवारचं पत्र उघडलं. पेन्सिल घेऊन एकेक नाव मोजलं. पडद्यावर त्रेसष्ट. कागदावर बासष्ट. पुढे पाठवताना त्या महाशयांनी आपलं तेवढं नाव पुसलं होतं. त्याच्या स्वतःच्या डोक्यावर काकांनी केलेला विग, आणि हा निघाला दुसऱ्याची चौकशी करायला! कोणतं नाव गाळलंय ते मी पाहिलं. तो बाईंच्या होणाऱ्या सासरचा कोण लागतो, तेही मला माहीत आहे. तुम्हाला सांगणार नाही.

ताईंची पेन्सिल थांबली होती. त्यांनी पडदा हळूच आपल्याकडे वळवला.

"सापडलं?"

"हो."

"कोण?"

ताईंनी मान हलवली. "नाही सांगणार."

"ताई! त्याला सगळ्यांसमोर उघडं पाडायचंय मला. त्यालाही कळू दे कसं वाटतं ते. माझं नाव त्रेसष्ट जणांना सांगितलंत आणि त्याचं एक नाव तुम्हाला सांगवत नाही?"

"तुमचं सांगितलं म्हणूनच." ताईंचे डोळे भरून आले होते, पण आवाज हलला नाही. "मला तोंडाला येईल ते बोला, मी ऐकून घेईन. पण आता या खोलीतून कोणाचं नाव माझ्या हातून बाहेर जाणार नाही."

काका खिडकीशी बसले होते. सुई हातात, गाठ अर्धवट. बाईंनी तो कागद उचलला. मग त्यांनी त्याची पुन्हा घडी घातली.

"माझा पत्ता पुसा तुमच्याकडचा. माझ्यासमोर पुसा."

ताईंनी पुसला, गुरुवारच्या पत्रासकट सगळीकडून. बाईंनी तो गेलेला नीट पाहिला, पर्स खांद्याला लावली आणि दारापर्यंत गेल्या.

"माझंही असंच जपायचं होतं ना, ताई," एवढंच म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

ताई त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्यावर बोट ठेवलं, पहिल्यांदाच. मी उघडलो, पण माझ्या मनातली शंका काही जात नव्हती. ही बाई आता काय करणार? त्यांनी 'टू'मध्ये दुकानाचाच पत्ता घातला आणि बाकीचे सगळे, एकेक वाचून, दोनदा तपासून, माझ्यात ठेवले.

आता मी त्या दुकानात रोजच्या वापरातला आहे. ताई अजूनही पाठवायच्या आधी माझ्याकडे वाकड्या नजरेने बघतात, मीही त्यांच्याकडे तसाच बघतो, आणि आमचं दोघांचं बरं चाललंय. तुम्हालाही हेच सांगणं आहे. कोणाची चहाडी करायला मला बोलावू नका, पण एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांना एकत्र लिहायचं असेल, तर लाजू नका, मला बोलवा. 'सर्वांना उत्तर' दाबायच्या आधी ते सर्व कोण आहेत, तेवढं एकदा वाचा. आणि पाठवताना बोट क्षणभर वर धरा. माझ्यावर विश्वास नसला तरी चालेल, तुमच्या घाईवर मात्र ठेवू नका.

त्या सकाळी माझ्यातून गेलं ते ताईंचं माफीपत्र होतं. ते बासष्ट जणांना पोचलं, त्या हितचिंतकालासुद्धा. जिला जायला हवं होतं, तिचा पत्ता तेवढा आमच्याकडे नव्हता.