ऐंशीचा ब्लॉक

मिस्त्री मागच्या नळावर बाटली भरायला गेला, तेवढ्यात काकांनी थप्पीतला वरचा, वाटेवर बसवायचा सिमेंटचा ब्लॉक उचलला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि काखेत मारून घरात आणला. स्वतःच्याच घरात चोरासारखं शिरायची वेळ आली याचा त्यांना संताप आला होता. पण इलाज नव्हता. चार दिवस ते पोर्चमध्ये खुर्ची टाकून, डोळ्यांत तेल घालून त्या माणसावर पहारा देत होते आणि कुठेतरी पाणी मुरतंय हे त्यांना पहिल्या दिवसापासून जाणवत होतं.

खोलीचं दार त्यांनी लोटून घेतलं. खिडकीत नमुन्याचा ब्लॉक ठेवलेला होता. महिन्यापूर्वी ब्लॉकच्या कारखान्यात जाऊन त्यांनी तो स्वतः निवडून आणला होता. फाटकापासून पोर्चपर्यंतची बारा मीटरची वाट मातीची. गाडीची चाकं तिच्यात रुतायची, घरात चिखल यायचा, आणि दरवर्षी खडी टाकून टाकून काका कंटाळले होते. एकदाच काय ते पक्कं काम करून टाकू, असं त्यांनी ठरवलं. कारखान्यातल्या माणसानं विचारलं होतं, "नुसती माणसं चालणार, की गाडी पण जाणार? माणसांना साठ मिलिमीटर जाडी बास झाली. गाडीला मात्र ऐंशीच घ्या."

"गाडी जाणार," काका म्हणाले होते. "ऐंशी."

आता त्यांनी दोन्ही ब्लॉक पलंगावर शेजारी शेजारी ठेवले आणि कपाटातून जाडी मोजायचा व्हर्नियर काढला. चौतीस वर्षं त्यांनी एका कारखान्यात तपासणीचं काम केलं होतं. केसाइतका फरक असला तरी माल परत पाठवायचे, म्हणून कामगारांनी त्यांचं नाव मायक्रॉन पाडलं होतं. पाठीमागे म्हणायचे, पण काकांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

व्हर्नियर त्यांनी नमुन्याच्या ब्लॉकला लावला. मग खिडकीशी नेला, उजेडाकडे तिरका धरला, लांब धरला, जवळ आणला. पट्टीवरच्या बारीक रेघा एकमेकींत मिसळून एक करडा डाग झाला होता. हे वर्षभर असंच चाललं होतं. काकांनी कोणालाही पत्ता लागू दिला नव्हता. एकटेच जाऊन डॉक्टरला दाखवून आले होते, आणि डॉक्टरनं दिलेला कागद गाडीच्या कागदपत्रांच्या पाकिटात तळाशी घालून ठेवला होता. गेलेली नजर परत यायची नाही, आहे ती जपा, असं काहीतरी त्या कागदात होतं.

पण मायक्रॉन म्हणजे मायक्रॉन. रेघा दिसत नसल्या म्हणून माप थोडंच अडतं? त्यांनी व्हर्नियरचे जबडे ऐंशीच्या ब्लॉकवर घट्ट बसवले, स्क्रू आवळला आणि तसाच तो मिस्त्रीच्या ब्लॉकवर सरकवला. ब्लॉक आत खुळखुळला. अंगठा जाईल एवढी फट राहिली.

"साठ," काका पलंगाला म्हणाले. "सरळसरळ साठ."

मग एकेक धागा जुळत गेला. माल आला तो दिवस आठवला. सकाळी सकाळी काकूंना अचानक त्यांच्या केसांची काळजी वाटायला लागली होती. "अहो, मानेवर बघा किती वाढलेत, आत्ताच जाऊन या," म्हणून त्यांनी काकांना जवळजवळ ढकलूनच न्हाव्याकडे पाठवलं होतं. परत येईपर्यंत ट्रक रिकामा होऊन गेलेला आणि ब्लॉकवर ताडपत्री.

शिवाय चहा. काकू रोज दोनदा मिस्त्रीला चहा नेऊन द्यायच्या आणि कप परत आणायला पंधरा पंधरा मिनिटं लावायच्या. काका खुर्चीतून उठले की बोलणं बंद. एकदा तर त्यांनी स्पष्ट ऐकलं होतं, मिस्त्री म्हणत होता, "काकांना सांगितलेलं बरं, काकू," आणि काकू म्हणाल्या होत्या, "मी बघते."

आणि तो खांब. पहिल्याच दिवशी मिस्त्रीनं आपला राखाडी कोट काढून फाटकाच्या उजव्या खांबाच्या खिळ्याला अडकवला होता. काकांनी त्याला हटकलं, तर तो खांबावर हात फिरवत म्हणाला,

"रंग नवा दिसतोय, काका. खाली सिमेंट पण भरलंय. काय लागलं होतं?"

"मालाचा ट्रक. तीन महिने झाले. ठोकून पळून गेला."

"पण हे तर फाटकातून आत शिरताना लागतं त्या बाजूनं आहे." मिस्त्री वाकून बघत राहिला. "ट्रक फाटकात कसा शिरला?"

"तुम्ही ब्लॉक बसवायला आलात का पंचनामा करायला?"

मिस्त्री हसला आणि फावड्याकडे गेला. पण तेव्हापासून काकांच्या मनात त्याच्याबद्दल अढी बसली. ज्याला नको तिथे इतकं दिसतं, तो माणूस सरळ नसतो, असं त्यांचं मत होतं.

कळस म्हणजे ती पिवळी ओळ. काकांनी सगळे राखाडी ब्लॉक सांगितले होते. मिस्त्रीनं मात्र फाटकापासून मधोमध दोन ब्लॉक रुंदीचा पिवळाधमक पट्टा ओढत आणला होता. कुणाच्या तरी अंगणातला उरलेला माल, दुसरं काय! विचारलं तर म्हणाला, "काकूंनी सांगितलंय." काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "छान दिसतो." हल्ली त्यांना पिवळ्याचं वेडच लागलं होतं. काकांचा चहाचा कप पिवळा, न्हाणीघरातली बादली पिवळी, जिन्याच्या पायऱ्यांच्या कडा पिवळ्या. काका एकदा म्हणालेही होते, की उद्या मलाही रंगवून काढशील.

ते बाहेर आले. एका हातात व्हर्नियर, दुसऱ्या हातात ब्लॉक. मिस्त्री गुडघ्यांवर बसून वाळूवर लाकडी पट्टी ओढत होता. वाट जवळजवळ पुरी होत आली होती.

"हा किती जाडीचा आहे?"

मिस्त्रीनं आधी व्हर्नियरकडे पाहिलं, मग काकांकडे. "साठचा."

इतकं सरळ उत्तर येईल असं काकांना वाटलं नव्हतं. तयार केलेली चार वाक्यं वाया गेली.

"मी ऐंशी सांगितले होते. यावरून गाडी जायची आहे. वर्षभरात खड्डे पडतील. कोणाच्या डोळ्यांत धूळ फेकता? चौतीस वर्षं मी लोकांचा माल तपासलाय."

"काका, खालची खडी मी नीट दाबलीय. वाळूही एकसारखी पसरलीय. माझ्या कामात खोट निघाली तर सगळं उखडून परत करून देईन." मिस्त्रीनं हात झटकले. "ब्लॉक कुठले आणायचे ते मी ठरवलं नाही. तुम्ही काकूंना विचारा."

"काकूंना काय कळतं जाडीतलं?"

मिस्त्रीनं पुन्हा पट्टी हातात घेतली.

काकू आतल्या खोलीत वाळलेल्या चादरींच्या घड्या करत होत्या. काकांनी ब्लॉक टेबलावर आपटला.

"तुझ्या त्या मिस्त्रीनं साठचे ब्लॉक घातलेत. आणि वर तुझं नाव सांगतोय."

"बरोबर सांगतोय. मीच कारखान्यात फोन करून बदलून घेतले."

मिस्त्री चोर निघाला असता तर बरं झालं असतं, असं काकांना वाटून गेलं.

"गाडीला ऐंशी लागतात."

"हो," काकू म्हणाल्या. "माणसांना साठ पुरतात."

त्यांनी चादरीची दोन टोकं जुळवली. गाडी कामापुरती बाहेर रस्त्याकडेला, झाडाखाली लावलेली होती. तिची किल्ली काकांच्या खिशात होती. त्यांनी खिशावरून हात फिरवला.

"माझ्या गाडीचं तू परस्पर ठरवलंस?"

"परस्पर ठरवलं. चुकलं माझं. पण समोर बसून बोलायला गेले असते तर तुम्ही म्हणाला असतात, ट्रकनं ठोकलं."

काकांनी टेबलावरचा ब्लॉक उगाच सरळ केला.

"त्या दिवशी मी फाटकाशी उभी होते," काकू म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. त्या घडीकडेच बघत होत्या. "डाव्या खांबाला टेकून. ती राखाडी शाल होती अंगावर. तुम्हाला गाडी आत घेताना बघत होते. तुम्ही उजव्या खांबावर गेलात. उतरलात, खांब चाचपलात. मी हाक मारणारच होते. मग म्हटलं, थांबू या, मी तुम्हाला दिसते का बघू या. तुम्ही माझ्या समोरून चार पावलांवरून घरात गेलात आणि घरभर मला हाका मारत फिरलात. ट्रकनं ठोकलं, ट्रकनं ठोकलं."

"तू... डाव्या खांबाशी?"

"चाक जरा इकडे वळलं असतं तर आज या घड्या तुम्हीच करत बसला असतात."

काकांनी खुर्चीची पाठ धरली. तीन महिने ही बाई रोज त्यांच्यासमोर जेवली होती, त्यांच्याशी हसली होती, आणि मूग गिळून बसली होती. राग यायला हवा होता. शोधला तर सापडेना. कानात तिनं मागाहून लावलेल्या फाटकाच्या कडीचा आवाज येत होता, जो त्या दिवशी त्यांनी ऐकला होता आणि वाऱ्याचा समजून सोडून दिला होता.

ते बाहेर गेले. पोर्चच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिले. मिस्त्रीनं शेवटचे ब्लॉक रबरी हातोड्यानं ठोकून बसवले आणि दाबायचं यंत्र आणायला म्हणून तो फाटकाबाहेर निघून गेला. अंगण शांत झालं. समोर सगळी वाट एकसारखी करडी होती. भिंत कुठे संपते आणि जमीन कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. फक्त मधला पिवळा पट्टा स्पष्ट होता. पायरीपासून निघून तो पार फाटकापर्यंत गेला होता. पिवळा कप, पिवळी बादली, जिन्याच्या कडा. काकांना आता कुठे एकेक वस्तू आठवली, आणि ती केव्हा आली तेही. सगळ्या गेल्या तीन महिन्यांतल्या.

फाटकाशी काकू उभ्या होत्या. काकांनी डोळे बारीक करून पाहिलं. उजव्या खांबाला टेकून, राखाडी, उगाच खांदे पाडून. मागच्या दारानं पुढे आली असणार. रागावली की ती अशीच लांब जाऊन उभी राहायची. लग्न झालं तेव्हापासून हीच तऱ्हा.

काका उठले. पट्ट्यावर पाय ठेवून चालायला लागले. एकदाही खाली वाकून बघावं लागलं नाही. फाटकाच्या दोन पावलं अलीकडे ते थांबले. तोंडावर बोलायची त्यांना सवय नव्हती, म्हणून जमिनीकडे बघत बोलले.

"ट्रक नव्हता. मला खांब दिसलाच नाही. तूसुद्धा दिसली नाहीस. वर्षभर झालं, मला नीट दिसत नाही. डॉक्टरचा कागद गाडीच्या पाकिटात आहे. तुला सांगायला भीती वाटली."

उत्तर आलं नाही. काकांनी खिशातून गाडीची किल्ली काढली आणि पुढे केली. तरी हात पुढे आला नाही. त्यांनीच आणखी एक पाऊल टाकलं, चाचपलं, आणि हाताला खरबरीत कापड लागलं. आत कोणी नव्हतं. खिळ्याला मिस्त्रीचा कोट लटकत होता.

"माहीत आहे मला," मागून काकू म्हणाल्या.

त्या अगदी जवळ होत्या, हातभर मागे. पायरीपासून सगळी वाट त्यांच्या पाठोपाठ चालत आलेल्या. किती ऐकलं ते विचारण्यात अर्थ नव्हता. काका वळले नाहीत. कोटाची बाही त्यांनी उगाच नीट केली. मग किल्ली धरलेला हात तसाच मागे नेला, आणि काकूंनी ती घेतली.

काकांनी बुटाच्या टोकानं पिवळ्या पट्ट्याची कड चाचपली, एकदा, परत एकदा.

"मिस्त्रीला सांग," ते म्हणाले. "ओळ इथे फाटकाशी दोन बोटं डावीकडे गेलीय. फटींत वाळू भरायच्या आधी सरळ करून घ्यायला हवी."