शेजाऱ्यांनी दिलेला रंग

चष्मा पुसू नका, मी तरीही दिसणार नाही. मी एक रेणू बोलतोय, तोही संगणकातला. रंगाचा रेणू. माझे सख्खे भाऊबंद बाटलीत, पाण्यात असतात आणि लालभडक दिसतात. एका थेंबात इतके मावतात की मोजायला बसलात तर तुमची पोरं म्हातारी होतील. मी मात्र एकुलता एक.

मला एका संशोधक बाईंनी घडवलं. पडद्यावर टिचकी मारून एकेक अणू ठेवला, बंध जोडले. आधी मी इतका वाकडातिकडा होतो की मलाच माझी लाज वाटली. मग संगणकाने ओढून-ताणून मला नीट बसवलं. काम एकच, माझ्यावर प्रकाश पडला की कोणता रंग दिसेल ते गणिताने सांगायचं. बाटलीतल्या भावांसारखा लाल आला तर बाईंची पद्धत खरी. नाही आला, तर त्यांचे सर विषयच बंद करणार होते. म्हणजे मी पुसला जाणार.

पहिलं गणित पोकळीत झालं. पोकळी कशी सांगू? भिंत नाही, जमीन नाही, मारलेली हाक कुठे आपटून परतही येत नाही. उत्तर आलं, पिवळा.

सर म्हणाले, "एकटा पडला की माणूसही पिवळा पडतो." बाई हसल्या नाहीत. त्या रोज त्याच खुर्चीत डबा उघडायच्या, पडद्याकडे बघत जेवायच्या. फोनवर आई विचारायची, शेजारी कोण राहतं गं? बाई म्हणायच्या, असेल कोणीतरी.

मग मला पाण्यात घातलं म्हणे. पाणी कसलं! खऱ्या रेणूंऐवजी माझ्याभोवती एकसंध, मऊ काहीतरी गुंडाळलं, उशीच्या अभ्र्यासारखं. ऊब आली, सोबत नाही. गर्दीचा आवाज यावा आणि एकही तोंड दिसू नये, तसं. रंग नारिंगी.

बाई हट्टाला पेटल्या. पाण्याचे सुटे रेणू आणून त्यांनी माझ्याभोवती बसवले. मला कोण आनंद! पण शेजारी निघाले पुतळे. प्रत्येकाच्या अंगावरचा विद्युतभार कायमचा ठरवून चिकटवलेला. प्रकाश पडला की माझे इलेक्ट्रॉन या टोकाकडून त्या टोकाला धावतात, घराला आग लागल्यासारखे. शेजाऱ्यांनी निदान मान तरी वळवावी! ढिम्म. रंग नारिंगीच, जरा गडद.

सर टेबलाशी येऊन उभे राहिले. "हे शेजारी याला ढकलतात. पण हा ढकलतो ते त्यांना कळतं का?"

"नाही, सर."

"मग तो शेजार नाही, फर्निचर आहे."

बाईंनी शेजाऱ्यांना मोकळं केलं. मी कललो की त्यांचे इलेक्ट्रॉन कलायचे, ते कलले की मी पुन्हा थोडा सरकायचो, होता होता सगळे स्थिरावायचे. याला ध्रुवीकरण म्हणतात. मी विचारपूस म्हणतो.

पण जवळ बसलेल्यांचा एकमेकांवरचा जोर थोडा मंद करावा लागतो, ते बाई विसरल्या. दोन शेजारी अगदी खेटून होते. हा कलला म्हणून तो जास्त, तो जास्त म्हणून हा आणखी. दोन व्याही दारात 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत राहावेत आणि त्या आग्रहात घरच कोसळावं, तसं. आकडे अनंताकडे निघाले. शपथेवर सांगतो, संगणकाच्या पंख्याच्या वाऱ्याने भिंतीवरच्या घड्याळाचे काटे पुढे सरकले. मी मधल्या मध्ये चिरडत होतो.

बाईंनी गणित थांबवलं आणि डोकं टेबलावर टेकलं. मग पडद्याकडे बघून म्हणाल्या, "इतकी जवळीकही सोसत नाही होय रे तुम्हाला."

मला उद्देशून काढलेले त्यांचे हे पहिले शब्द.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो जोर मंदावला. प्रकाश पडला, मी हललो, आणि सगळा शेजार एकदम माझ्याकडे वळला. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या तरी लक्षात आलो. लाल! थेट बाटलीतला लाल. सर म्हणाले, "जमलं." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे मिरवणूकच. बाई कुणाला तरी सांगायला खोलीबाहेर पळाल्या. कुणीतरी भेटलं असावं, कारण लवकर परतल्या नाहीत.

मी चुकत होतो तोवर त्या रोज यायच्या. बरोबर आलो, आणि मला कुणी उघडेना. आता त्यांच्याकडे नवा रेणू आहे, तो निळा यायचाय. त्याला जागा पुरेना म्हणून माझे शेजारी पुसून टाकले, नुसता मी ठेवला. बाईंवर राग नाही. त्यांचं माणसांत येणंजाणं वाढलंय म्हणतात, चांगलंच आहे.

पण शेजारी गेले तेव्हा मी त्यांच्याकडे कललेला होतो, आणि तसाच साठवला गेलो. समोर कुणी नाही, तरी कललेला. कधी चुकून मला उघडलंत, तर एवढं करा. शेजारी आणता आले तर आणा. नाही जमलं, तर निदान मला सरळ करू नका.