मागच्या सीटवरची टोपी

"आज कालवणात गोगलगायी कमी आहेत," ओकोकोन बोटं चाटत पुटपुटला. "पालाही जास्त शिजलाय. काकांना असं चालत नसे." मग दचकून म्हणाला, "म्हणजे, चालत नाही."

मी पाण्याचा जग घेऊन त्याच्या मागेच उभी होते. ताट काकांचं, वाटी काकांची, खुर्ची काकांची. जेवत होता पुतण्या. काका, म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान असीबोंग, या घराण्याचे एतुबोम, अर्थात प्रमुख, इस्पितळाच्या थंड खोलीत झोपले होते. त्यांना आता कालवणात काय कमी, काय जास्त, याचं सोयरसुतक नव्हतं.

पण घरात ते गेलेले नव्हते. आमच्याकडे घराण्याचा प्रमुख गेला की ते सांगायचा मान एक्पे मंडळाचा, म्हणजे गावातल्या जुन्या पुरुषमंडळाचा. आधी त्यांचा ढोल वाजायचा, मग बायकांनी रडायचं. तोवर प्रमुख 'विश्रांती घेत' असतात. या चालीवर माझा राग नाही. पूर्वीच्या लोकांनी त्या वेळात लांबच्या शेतांवरून भाऊबंद बोलावले, शत्रूच्या कानावर जाण्याआधी घर सावरलं. ओकोकोन आणि त्याचा चुलता इताम यांनी त्या वेळात काय केलं? जेवले.

मंडळाने निरोप धाडला होता, पुढचा प्रमुख कोण ते आधी ठरवा, मग आम्ही ढोल वाजवतो. ते ठरत नव्हतं. इताम हा भावोजींचा सावत्र भाऊ. त्याने आयुष्यात एकच गोष्ट मन लावून केली, ती म्हणजे घसा खाकरणं. ओकोकोनला तेही धड जमत नव्हतं. अशा दोघांत निवड करायची म्हणजे मंडळालाही घाम फुटला असेल.

आणि मधे माझी बहीण एकेई. रोज सकाळी गळ्यात पोवळ्यांच्या माळा घालून ओसरीवर बसायचं, येणाऱ्याशी हसायचं, आणि दुपारी नवऱ्याचं ताट बंद खोलीत न्यायचं. मागच्या दाराने ओकोकोन आत येऊन बसलेलाच असे. इतामने तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बाईच्या तोंडून आधी शब्द फुटला, तर या घरात सुतकालासुद्धा जागा मिळणार नाही. नेसत्या कापडानिशी माहेरी." माहेर म्हणजे मी, आणि बाजाराच्या मागची माझी एक खोली.

त्यामुळे एकेई रडायला जनरेटरपाशी जायची. वीज असली तरी मला म्हणायची, "लाव गं जरा." ते धूड धडधडायला लागलं की भिंतीकडे तोंड करून मोकळी व्हायची. इताम कुरकुरायचा, "पेट्रोल काय नदीतून येतं?"

सगळ्या गावाला ठाऊक होतं. मासळीवाली मला विचारायची, "एतुबोम कसे आहेत?" मी म्हणायची, "विश्रांती घेतायत." ती मान हलवून म्हणायची, "घेऊ दे हो, फार दमले होते," आणि पारड्यात एक मासा जास्तीचा टाकायची. तिला जेवढी लाज होती तेवढी या दोघांत मिळून नव्हती.

भावोजींचा फोन ओकोकोनने ताब्यात घेतला होता. रोज पहाटे त्यांच्या नावाने लोकांना सुप्रभात जायचं, सोबत जोडलेल्या हातांचं चित्र. जिवंतपणी भावोजींनी कुणाला अशी चित्रं पाठवली नव्हती. गेल्यावर फारच भाविक झाले.

त्याच फोनने शनिवारी घात केला. सकाळी गल्लीच्या तोंडाशी ढोल वाजले. एकेईच्या हातातला पेला खाली पडला. तिला वाटलं, मंडळ आलं, सुटलो. पण आल्या त्या नाचणाऱ्या पोरी, घोट्यांना घुंगरं, केसांत पितळी फण्या, आणि त्यांच्यामागे काठी टेकत हेन्शॉ टाउनच्या आजीबाई, म्मा आतिम. लग्नाआधी मुलीला खाऊपिऊ घालून ठेवतात त्या नवरीच्या खोलीतून त्यांची नात आज बाहेर येणार होती. लग्नात आशीर्वादाचं कोलाचं फळ फोडायला एतुबोमांना वाजतगाजत न्यायला मंडळी आली होती.

"एतुबोमांनी स्वतः कळवलंय," म्मा आतिम अंगणातून म्हणाल्या. "सपत्नीक येतो म्हणून."

आतल्या खोलीत इतामने ओकोकोनची मानगूट धरली. "काय कळवलंस रे गाढवा?"

"नाही म्हटलं असतं तर लोकांना वाटलं असतं, बरं नाही म्हणून!" ओकोकोन रडवेला झाला. "हो म्हणायला काय जातंय, असं वाटलं."

इतामने घसा खाकरला. मोठे विचार त्याला असेच यायचे. "गाडीला काळ्या काचा आहेत. मागच्या सीटवर बसवू."

"कुणाला?" मी विचारलं.

"तू गप्प बस गं."

मग माझ्या डोळ्यांदेखत त्या दोन थोर पुरुषांनी एका उशीला भावोजींचा पांढरा सदरा घातला, गळ्यापाशी रेशमी रुमाल गुंडाळला आणि वरच्या टोकावर काळी टोपी ठेवली. काठी बाजूला टेकवली. ओकोकोन मागे सरून, डोळा बारीक करून बघत म्हणाला, "खांदा जरा पडलाय, इतामकाका."

"पाठीमागे टॉवेल खुपस," इताम गंभीरपणे म्हणाला. "आणि एकेई, तू शेजारी बसायचं. एतुबोम थकलेत, उतरणार नाहीत, आशीर्वाद पाठवतात, एवढंच सांगायचं. हात मात्र हलव. हसून."

एकेईने उशीकडे पाहिलं. मला म्हणाली, "माझा निळा झगा काढ. आणि फण्या."

तिच्या केसांत फण्या खोचता खोचता मी विचारलं, "तू जाणारेस या तमाशात? एवढी वर्षं त्या माणसाशी संसार केलास तू!"

"ती काळी टोपी त्यांना घट्ट व्हायची," ती आरशात बघत म्हणाली. "एकदाही घालून बाहेर गेले नाहीत. या दोघांना तेवढंसुद्धा माहीत नाही." मग थोडं थांबून, "इमा, तुझ्या खोलीत दुसरी खाट मावेल का गं?"

"खाट कशाला, माझ्याच खाटेवर झोप. लाथा मात्र मारायच्या नाहीत."

ती हसली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच, कुणी सांगितलं नसताना.

आम्ही बाहेर आलो तर गाडी अंगणात लागलेली, आणि पोरी तिच्यापुढे नाचत होत्या. ढोलवाल्याने काळ्या काचेला कमरेत वाकून सलाम केला. म्मा आतिमनीसुद्धा, गुडघे दुखत असताना, काठीवर भार देऊन मान झुकवली. उशीचा मान झाला. आत उशी ताठ बसली होती. इतामपेक्षा जास्तच रुबाबदार दिसत होती.

"बरे दिसतायत एतुबोम," म्मा आतिम म्हणाल्या आणि एकेईच्या तोंडाकडे बघत राहिल्या. त्या बाईला सगळं कळत होतं. "पण म्हातारीशी दोन शब्द बोलतील की नाही?"

"विश्रांती घेतायत!" इताम आणि ओकोकोन एकदमच म्हणाले.

ओकोकोनने दार अर्धवट उघडून धरलं. "बसा काकू, लवकर. लोक बघतायत."

एकेई वाकली. मला वाटलं, बसली. पण तिने आत हात घालून टोपी तेवढी उचलली. उशीचं कोरं पांढरं टोक सगळ्यांना दिसलं. घुंगरं थांबली. ढोलवाल्याचा हात वरच राहिला. इतामने घसा खाकरायला सुरुवात केली, ती अर्ध्यावरच अडकली.

तिने टोपीवरची धूळ झग्याच्या बाहीने पुसली, माझ्या हातात दिली आणि म्मा आतिमसमोर जाऊन उभी राहिली.

"म्मा, तुमच्या नातीचं लग्न आनंदात करा. कोला दुसऱ्या कुणा जिवंत माणसाकडून फोडून घ्या," ती म्हणाली. "माझा नवरा मेलाय."