मान डोलावणारी गाढवी

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी गुरांच्या डॉक्टरांना सगळे डॉक्टरच म्हणत. बोलवत मात्र कोणी नसे. मुलगा मालवाहू जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यावर. त्यामुळे घरात दोनच माणसं, डॉक्टर आणि त्यांची सून. दोघांचं छान जमे, कारण दोघंही बोलण्याच्या बाबतीत कंजूष. सून पुढच्या खोलीत संगणकाच्या दोन पडद्यांसमोर काम करी, डॉक्टर मागच्या खोलीत पुस्तकात डोकं घालून बसत, आणि चहाच्या वेळेला मधल्या दाराशी दोघांची गाठ पडे.

सून काय करते असं कोणी विचारलं की डॉक्टरांची पंचाईत होई. व्हिडिओ गेम बनवते, एवढ्यावर लोकांचं भागत नसे. बंदुका आहेत का? नाहीत. मोटारी? त्याही नाहीत. मग आहे तरी काय?

"गाढवी आहे," डॉक्टर जमिनीकडे बघत सांगत. "आपण गाढवी व्हायचं."

शेजारचे म्हातारे पोस्टमास्तर यावर म्हणाले होते, "त्याला यंत्र कशाला हवं? मी छत्तीस वर्षं नुसती नोकरी करून झालो."

पण गेम खरोखरच तसा होता. वीटभट्टीवर राबणारी एक गाढवी. खेळणाऱ्याने तिच्या कातडीत शिरायचं आणि डोंगरापलीकडच्या कुरणापर्यंत पोचायचं. वाटेत चरायचं, कान फिरवून आवाज टिपायचे, मनात आलं की रस्त्यात अडून बसायचं, कोणी फारच मागे लागलं तर लाथ झाडायची. चित्रं आणि हालचाली सुनेच्या. बाकीची सगळी आकडेमोड तिच्या भागीदाराची. तो दुसऱ्या शहरात राही, फोनवरच भेटे. सून त्याला गणिती म्हणायची. दोघांनी दोन वर्षं या गाढवीपायी हाडाची काडं केली होती. येत्या शुक्रवारी गेम एका कंपनीकडे पाठवायचा होता. कंपनीने घेतला तर बाजारात येणार; नाही घेतला तर दोघांनी आपापली वाट धरायची, असं त्यांचं ठरलेलं.

सुनेला अर्धवट काम दाखवायची लाज वाटे. म्हणून डॉक्टरांनी ती गाढवी पहिल्यांदा धड पाहिली ती त्या आठवड्याच्या सोमवारी. चहाचा कप टेबलावर ठेवला आणि ते तिथेच उभे राहिले. पडद्यावर करड्या रंगाची गाढवी पाठीवर विटा घेऊन चालली होती. पोटाखालची पांढरट लव, गुडघ्यांवरचे घट्टे, शेपटीचा झुबका, सगळं कसं जिथल्या तिथे. आणि चालताना ती मान वरखाली करत होती, जणू कोणी काही सांगतंय आणि ती हो, हो म्हणतेय.

"कशी वाटते?" सुनेने विचारलं.

"छान," डॉक्टर म्हणाले. "फारच छान." आणि चहा तसाच विसरून आपल्या खोलीत गेले.

गाढवी लंगडत होती. पुढचा उजवा पाय. तो टेकला की मान वर जात होती, डावा टेकला की खाली येत होती. दुखऱ्या पायावर भार येऊ नये म्हणून जनावर मान उचलून धरतं. हे डॉक्टरांनी उभ्या आयुष्यात हजारदा पाहिलं होतं आणि मालकांना समजावून सांगितलं होतं.

पण डॉक्टरांचा आता स्वतःवर भरवसा नव्हता. नोकरीच्या शेवटच्या वर्षी त्यांनी एका गाईचा डावा पाय दुखतो असं सांगितलं, खूर कोरला, आणि दुखणं निघालं उजव्या पायात. मालक वाईट माणूस नव्हता. तो एवढंच म्हणाला, "डॉक्टर, आता चष्मा बदला." अंगणात जमलेली माणसं हसली. चष्मा त्यांनी बदलला, पण त्या हसण्याचं काही करता आलं नाही. तेव्हापासून ते पाकिटावरचा पत्तासुद्धा दोनदा वाचत.

आणि इथे तर चित्र होतं. चित्र कधी लंगडतं का?

मंगळवारी त्यांनी धीर करून विचारलं, "मी जरा खेळून बघू का?"

सून इतकी चकित झाली की तिने खुर्ची सोडली. तिने कंट्रोलर त्यांच्या हातात दिला, कुठल्या बटणाने काय होतं ते सांगितलं. पाच मिनिटांत डॉक्टरांची गाढवी दोनदा खड्ड्यात पडली, एकदा भिंतीला तोंड लावून उभी राहिली. मग जमलं. जमल्यावर त्यांनी तिला मोकळ्या जागेत नेलं आणि गोल फिरवायला लागले. आधी डावीकडून, मग उजवीकडून, मग पुन्हा डावीकडून.

"बाबा, समोर गवत आहे," सून म्हणाली. "खाल्लं तर ताकद वाढते."

"हो, हो."

"तुम्ही तिला घाण्याला जुंपल्यासारखी काय फिरवताय?"

डॉक्टरांनी फिरवणं चालूच ठेवलं. खरं जनावर दुखऱ्या पायाच्या अंगाने गोल फिरवलं की जास्त लंगडतं. ही दोन्हीकडून सारखीच डोलत होती. हे यंत्र, याला डावं काय नि उजवं काय.

"ही चाल तू मनाने काढलीस?" त्यांनी विचारलं.

"मनाने काढलेली आधीची. ती बघून गणिती म्हणाला, हे गाढव नाही, टेबल चालतंय." सून हसली. "मग दोन महिन्यांपूर्वी गावाबाहेरच्या भट्टीवर चार दिवस जाऊन बसले. तिथल्या एका गाढवीचं शूटिंग केलं आणि पाऊल न् पाऊल उतरवून काढलं. एका सेकंदाची चोवीस चित्रं. केसाचाही फरक नाही."

"ते शूटिंग आहे?"

होतं. चार दिवसांचं सगळं होतं. डॉक्टर ते बघत बसले. एका जागी गाढवी उजवा पाय आतल्या बाजूला ठेवून विटांच्या ढिगाला वळसा घालत होती. तेवढ्या वळणात तिची मान एकदम वर उडाली. डॉक्टरांनी तो तुकडा सहा वेळा पाहिला.

तेवढ्यात गणितीचा फोन आला. सुनेने तो टेबलावर ठेवला, त्यामुळे आवाज खोलीभर झाला.

"ऐक, चाळीस जणांना खेळायला दिलेला ना, त्यांची पत्रं आलीत," गणिती म्हणाला. "छत्तीस जणांनी एकच गोष्ट लिहिलीय. ती मान. एकीने लिहिलंय, ती मान डोलावते तेव्हा मला तिला घरी आणावंसं वाटतं. आपला गेम त्या मानेवर उभा आहे, कळलं का?"

सुनेचा चेहरा उजळला. दोन वर्षांत डॉक्टरांनी तिला असं पाहिलं नव्हतं. ते शूटिंग अर्धवट सोडून उठून गेले.

त्या संध्याकाळी त्यांनी स्वतःशी पुष्कळ वाद घातला. आपण चुकीचे असू, तर पोरीच्या दोन वर्षांच्या कामात शुक्रवारच्या तोंडावर काडी घालू. आपण बरोबर असू, तर कुठेतरी एक जनावर दोन महिने ठणकत्या पायावर विटा वाहतंय, आणि ते ठाऊक असलेला माणूस पुस्तक वाचतोय. दोन्ही बाजू घासून पाहिल्या. तोंडाने सांगायला काही जमेना. शेवटी त्यांनी जुन्या बॅगेतून दवाखान्याचा कोरा केसपेपर काढला आणि सवयीच्या अक्षरात भरला.

बुधवारी सकाळी सुनेला तो आपल्या कीबोर्डवर सापडला. प्राणी: गाढवी. वय: सुमारे नऊ. तक्रार: पुढचा उजवा पाय, बहुधा खूर. किती दिवसांपासून: निदान दोन महिने. खात्री: नाही.

ती कागद घेऊन मधल्या दाराशी आली. "बाबा, हे काय?"

"केसपेपर."

"ते दिसतंय मला. म्हणजे ती मान..."

"दुखतंय म्हणून वर जाते." डॉक्टर पुस्तकाची पानं उगाच चाळत होते. "मी चुकत असेन. मागे चुकलोय. तुला ठाऊक आहे."

सून तिथेच उंबऱ्यावर बसली. कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. "म्हणजे मी दोन महिने बसून एका मुक्या जीवाचं दुखणं घोटून घोटून काढलं," ती म्हणाली. "आणि लोकांना ते गोड वाटलं. मलाही वाटलं."

"तू हुबेहूब काढलंस म्हणून तर मला दिसलं. वाईट काढलं असतंस तर कळलंच नसतं."

हे त्यांनी समजूत घालायला म्हटलं नव्हतं, जे खरं ते म्हटलं होतं. सुनेने मान वर केली. "बॅगेत हत्यारं आहेत का अजून?"

"गंजली असतील."

"मग ती पुसा. मी रिक्षा बघते."

भट्टीवर पोचायला तास लागला. विटांचे लांबच लांब ढीग, मध्ये धूर, आणि लाल धुळीने माखलेली माणसं. मालकीण धिप्पाड बाई, डोक्याला फडकं बांधलेली. तिने सुनेला ओळखलं.

"पुन्हा आलात होय फोटोवाल्या बाई? आणि हे कोण?"

"माझे सासरे. जनावरांचे डॉक्टर आहेत. तुमच्या त्या गाढवीचा पाय बघायचाय."

"कुणाचा, होयबाईचा? तिला काय धाड भरलीय? चार जणींत तीच तर गरीब. काही सांगा, मान हलवून होय म्हणते."

"म्हणूनच बघायचाय," डॉक्टर म्हणाले, पण इतक्या हळू की ते कोणाला ऐकू गेलं नाही.

होयबाई विटांच्या सावलीत उभी होती. डॉक्टरांनी तिच्या मानेवर थाप दिली, खांद्यावरून हात खाली आणला आणि पुढचा उजवा पाय उचलून आपल्या मांड्यांत धरला. खूर वाढून पुढे वळला होता. त्यांनी खूर दाबायचा मोठा चिमटा घेतला आणि टोकाकडून सुरुवात केली. गाढवी गप्प. बाहेरच्या कडेने दाबलं. गप्प. तळव्याच्या मध्यावर दाबलं. तिने शेपटीने माशी हाकलली.

"काही नाही तिला," मालकीण म्हणाली.

डॉक्टरांच्या चष्म्यावर घाम उतरला. अंगणातलं ते हसणं पुन्हा कानाशी आलं. त्यांनी पाय सोडून दिला, सरळ उभे राहिले आणि सुनेकडे पाहिलं. ती केसपेपर हातात घेऊन उभी होती.

"टाचेकडे राहिलंय ना अजून?" ती म्हणाली. "तिकडे नाही दाबलंत तुम्ही."

राहिलं होतं. त्यांनी पुन्हा पाय उचलला, चिमटा टाचेच्या आतल्या कोपऱ्याशी नेला आणि अगदी हलकेच आवळला. गाढवीने असा हिसका दिला की डॉक्टर धुळीत बसले.

"लागलं का बाबा?"

"मला नाही, तिला," डॉक्टर धुळीतूनच म्हणाले, आणि त्यांना हसू यायला लागलं.

मग मालकिणीने गाढवीची मान काखेत धरली, सुनेने खांद्याशी टेकू दिला आणि डॉक्टरांनी खूर कोरायची सुरी चालवली. वाढलेला भाग निघाला. त्याखाली काळी रेघ दिसली. ते रेघेच्या मागे मागे गेले, जपून, एकेक पापुद्रा काढत. आणि एकाएकी काळसर घाण पू बाहेर आला. त्यापाठोपाठ बोटाच्या नखाएवढी विटेची टोकदार कपची.

गाढवीने मोठा श्वास सोडला, नाकपुड्या फडफडल्या.

"हे घेऊन चालत होती ही?" मालकीण म्हणाली. "मला वाटलं खोड आहे. माझी पोरं तिच्याशी बोलायला यायची, मान हलवते म्हणून."

"आमच्याकडे त्या मानेवर छत्तीस जण भुलले," सून म्हणाली.

डॉक्टरांनी खूर मिठाच्या कोमट पाण्यात बुडवला, औषध भरून पट्टी बांधली आणि रोज काय करायचं ते सांगितलं. "पंधरा दिवस पाठीवर एक वीट नको."

"पंधरा? डॉक्टर, काम कोण करणार, तुम्ही?"

"पंधरा," डॉक्टर म्हणाले. या वेळी सगळ्यांना ऐकू गेलं.

परतताना रिक्षात सुनेने गणितीला फोन लावला. तिकडून बराच वेळ आरडाओरडा ऐकू येत होता. मान गेली तर गेम गेला, शुक्रवार परवावर आलाय, तुझे सासरे पशुवैद्य आहेत की आपले शत्रू, असं बरंच काही. सुनेने सगळं ऐकून घेतलं.

"पाठवायचं तर ती चाल पाठवू," ती शेवटी म्हणाली, "पण मी आता ती बघू शकत नाही. तुला माहीत झाल्यावर तूही बघू शकणार नाहीस. एकदा लावून बघ."

तिने फोन ठेवला. दहा मिनिटांनी गणितीचा निरोप आला: बघितली. नाही बघवत. कंपनीला मुदत मागतो. कंपनीचं उत्तर दुसऱ्या दिवशी एका ओळीत आलं, तीन आठवडे, त्याहून एक दिवस जास्त नाही.

सोळाव्या दिवशी दोघं पुन्हा भट्टीवर गेली. सुनेने कॅमेरा तीन पायांच्या स्टँडवर बसवला, डॉक्टरांनी खूर उचलून पाहिला, चारी बाजूंनी दाबला. मग मालकिणीने दोर सोडला. होयबाईने चार पावलं टाकली. मान खांद्यांच्या रेषेत होती, जिथल्या तिथे.

"आता होय म्हणत नाही," मालकीण जरा खट्टू होऊन म्हणाली. "दोन दिवसांपासून तर काही ऐकतच नाही. काल पोराच्या हातातली पिशवी पळवली."

गाढवीने कान मागे टाकले, कॅमेऱ्याकडे पाठ केली आणि ढिगांच्या मधल्या लांब गल्लीतून सुटली. दुडकी नाही, सरळ धाव. लाल धूळ उडाली. सुनेच्या सगळ्या शूटिंगमध्ये ती एकदाही पळाली नव्हती. गेममध्ये पळायचं बटणच नव्हतं. सुनेने कॅमेरा उपसला आणि ती मागे धावली, ओढणी एका खांद्यावरून लोंबतेय, चप्पल एक पायात, एक मागे.

"बाबा, बाजूने बघा, बाजूने," ती पळता पळता ओरडली. "पाय कसे पडतायत ते मोजा."

डॉक्टर मोजतच होते. धूळ असल्याने दिसत नव्हतं फारसं, म्हणून त्यांनी डोळे मिटून टापा ऐकल्या. एकाही टापेला उशीर नव्हता. गल्लीच्या टोकाशी आवाज वळला आणि परत त्यांच्या दिशेने यायला लागला.

"डॉक्टर," मालकीण जवळ येऊन म्हणाली, "ती काळी आहे ना तिकडे, पाणवठ्याजवळची. परवापासून बसून आहे. वेळ असला तर बघता का?"

डॉक्टरांनी चष्मा पुसला, बॅग उचलली आणि पाणवठ्याकडे चालायला लागले.